टायगर मॉथ आणि मंडळी: लष्करातून सुटलेली ट्रेनर बायप्लेन्स उडती ठेवताना

ओळंबा
शिकाऊ वैमानिकांसाठी बांधलेल्या जुन्या बायप्लेन्सवर (एकावर एक अशा दोन पंखांच्या विमानांवर) मराठीत जे लिहिलं जातं ते बहुतेक आठवणींच्या अंगाने. हा धागा यंत्राबद्दल आहे. लाकूड, कापड, तारा, इंजिन, आणि असं विमान पुण्याच्या हवेत सांभाळायचं झालं तर काय लागेल, यावर माहितगारांनी लिहावं.

थोडी पार्श्वभूमी देतो. डी हॅविलंड टायगर मॉथ पहिल्यांदा उडालं २६ ऑक्टोबर १९३१ ला. एकूण ८,८०० पेक्षा जास्त बनली. पंखविस्तार ८.९४ मीटर, रिकामं वजन सुमारे ५०६ किलो, कमाल ८२८ किलो. चार सिलिंडरचं, उलटं बसवलेलं, हवेने थंड होणारं १३० अश्वशक्तीचं जिप्सी मेजर इंजिन. ब्रेक नाहीत, बॅटरी नाही, स्टार्टर नाही, मागे चाकाऐवजी स्किड, म्हणजे घसरपट्टी. दुसऱ्या महायुद्धात बेगमपेठ आणि जोधपूरच्या प्राथमिक प्रशिक्षण शाळांमध्ये आपले वैमानिक यावरच शिकले. पुढे डॉ. विष्णू माधव घाटगे यांनी आखलेलं एचटी-२ हे देशी प्रशिक्षण विमान १९५१ मध्ये उडालं आणि हळूहळू टायगर मॉथची लष्करी नोकरी संपली.

युद्ध संपल्यावर ही विमानं जगभर स्वस्तात विकली गेली. फ्लाइंग क्लब, ग्लायडर ओढणं, जाहिरातीचे फलक ओढणं, शेतावर खत टाकणं, सिनेमासाठी पहिल्या महायुद्धातल्या विमानांचं सोंग घेणं, सगळं त्यांनी केलं. इतकी टिकली कशी? माझ्या मते चांगला सुतार, चांगला शिंपी आणि चांगला वेल्डर असलेल्या कुठल्याही वर्कशॉपात ती दुरुस्त होत होती म्हणून. पण त्याच सोपेपणामुळे आतलं दुखणं वरच्या रंगाखाली वर्षानुवर्षं झाकलंही जातं. धागा तिथूनच सुरू करू.

सागवानी
लाकडापासून सुरुवात करतो, कारण पंखाचं सगळं त्यावर आहे.

टायगर मॉथचा सांगाडा स्टीलच्या नळ्यांचा, पंख मात्र स्प्रूसचे: दोन स्पार, म्हणजे पंखाच्या लांबीभरचे मुख्य दांडे, त्यावर रिबा, म्हणजे पंखाला आकार देणाऱ्या आडव्या फासळ्या. जुन्या जोडांत कॅसिन म्हणजे दुधातल्या प्रथिनाचा डिंक सापडतो, नंतरच्या कामात युरिया-फॉर्मल्डिहाइड. कॅसिनला ओल लागली की बुरशी ते खाते. जोड बाहेरून शाबूत दिसतो, पण पातळ पटाशी घातली की पापुद्र्यासारखा सुटतो. युरिया-फॉर्मल्डिहाइड ओलीला जास्त टिकतं, मात्र दीर्घकाळच्या उष्णतेने ठिसूळ होतं. पत्र्याच्या शेडमध्ये उन्हाळे काढलेल्या पंखाकडे म्हणूनच जास्त संशयाने पाहायचं.

तपासताना काय बघायचं:

ओलावा. पिनांच्या मीटरने १० ते १२ टक्के आला तर उत्तम. २० च्या वर काही काळ राहिला असेल तर बुरशी धरलीच समजा. खालच्या पंखाचं मूळ आणि मागची कड, या जागा आधी.

खिळे. रिबांच्या गसेटवर (जोडांवरच्या प्लायवूडच्या तुकड्यांवर) बारीक लोखंडी खिळे असतात. त्यांच्याभोवती काळा डाग म्हणजे गंज आणि ओल दोन्ही. नुसता खिळा बदलून भागत नाही, आजूबाजूचं लाकूड टोकरून बघायचं.

दाबाच्या भेगा. या सगळ्यात फसव्या. जमिनीवर पंख टेकला, विमान गर्रकन फिरलं, की स्पारचे तंतू आडवे चुरगळतात. केसाएवढी बारीक, तंतूंना काटकोनातली रेघ दिसते. समोरून टॉर्च मारून ती दिसत नाही. टॉर्च स्पारला जवळजवळ समांतर धरायचा, म्हणजे सावलीत उमटते. स्ट्रटच्या (वरच्या-खालच्या पंखांमधल्या खांबाच्या) फिटिंगच्या बाहेरच्या बाजूला आणि प्लायच्या टोकापाशी हमखास शोधायची. अशी भेग असलेला स्पार रद्द. त्यावर पट्टी ठोकून चालत नाही.

स्पारला सांधा द्यायचा तर तिरप्या कापाचा उतार किमान १ ला १०, शक्यतो १ ला १२, आणि फिटिंगच्या खाली सांधा कधीच नाही. डिंकाच्या प्रत्येक घाण्यासोबत त्याच लाकडाचा नमुना जोड करून ठेवायचा आणि वाळल्यावर तोडून बघायचा. लाकूड फाटलं तर घाणा चांगला. डिंकाच्या रेषेवर सुटला तर त्या दिवशीचं सगळं काम उलगडायचं.

मुळामुठा
सागवानी, भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटात चांगलं जुनं सागवान मिळतं. रिबांसाठी ते चालेल का? ताकद तर स्प्रूसपेक्षा जास्त आहे.

सागवानी
नाही चालणार, आणि कारण ताकद नाही. सागाची घनता स्प्रूसच्या दीडपट, म्हणजे पंखाचं वजन वाढणार. शिवाय सागात अंगचं तेल असतं, त्यामुळे डिंक नीट धरत नाही. स्प्रूसमध्येही सरसकट फळी चालत नाही. इंचाला किमान सहा वार्षिक वलयं हवीत, तंतूंचा तिरपेपणा १ ला १५ पेक्षा जास्त नको, गाठी आणि राळेचे कप्पे नकोत, आणि सोबत विमानकामासाठीचा दाखला हवा. दाखला नसलेलं लाकूड कितीही देखणं असलं तरी ते जिग आणि साचे बनवायला वापरा.

डोपवाला
आता कापड. पुण्यात हाच भाग सर्वात जास्त बिघडेल, म्हणून सविस्तर लिहितो.

मूळ आच्छादन लिनन किंवा मर्सराइज्ड सुती कापडाचं. ए ग्रेडच्या नव्या सुती कापडाची ताकद इंचाला ८० पौंड धरतात आणि ७० टक्क्यांवर, म्हणजे ५६ पौंडांवर आलं की ते काढून टाकायचं. चाचणी नेहमी सर्वात जास्त ऊन खाल्लेल्या जागी, म्हणजे वरच्या पंखाच्या वरच्या अंगाला आणि गडद रंगाच्या पट्ट्यावर करायची. खालून चाचणी घेऊन पास केलेलं कापड म्हणजे स्वतःची फसवणूक.

आज बहुतेक जण पॉलिएस्टर वापरतात आणि माझ्या मते उडणाऱ्या विमानाला तेच योग्य. ते इस्त्रीने आवळतं. आधी १२१ अंश सेल्सिअसला दोन्ही बाजू सारख्या आवळून घ्यायच्या, मग शेवटचा हात १७७ ला. १९० च्या पुढे गेलं की ते उलट सैल पडतं आणि मग कितीही इस्त्री फिरवली तरी परत येत नाही. घरच्या इस्त्रीच्या डायलवर विश्वास ठेवू नका. तळाला थर्मामीटर लावून खुणा करून घ्या आणि दर तासाला पुन्हा ताडून बघा. एक बाजू पूर्ण आवळून मग दुसरी घेतली तर मागची कड वाकते, रिबा पिळवटतात. म्हणून आलटून पालटून.

आवळल्यावर रिबांना शिवण. आधी रिबवर मजबुतीची पट्टी, त्यावरून मेणवलेला दोरा, प्रत्येक टाक्याला गाठ. टाक्यांमधलं अंतर मूळ रेखाचित्राप्रमाणे. प्रोपेलरच्या झोतातल्या रिबांना ते कमी असतं. शिवण कमी पडली की वरच्या पंखावर कापड फुगतं आणि उचल बिघडते.

आता डोप, म्हणजे कापडावर द्यायचा लेप. त्याचे दोन प्रकार. नायट्रेट कापडात चांगला मुरतो म्हणून तो खाली, ब्युटिरेट वर. उलट क्रम कधीच नाही, ब्युटिरेटवर नायट्रेट धरत नाही. मधले थर ॲल्युमिनियम पावडर मिसळलेले हवेत. ती चमक दिसायला छान म्हणून नसते, सूर्याची अतिनील किरणं तिथे अडतात. आतून दिवा धरून बघा, प्रकाश आरपार दिसता कामा नये.

पुण्याचा मुद्दा आर्द्रतेचा. डोपमधला पातळक उडताना पृष्ठभाग गार पडतो. हवेत ओल असेल तर तिथे पाणी साकळतं आणि डोप पांढरट होतो. तो डाग म्हणजे थर सच्छिद्र झाला, ताकद गेली. रंग मारून झाकू नका. रिटार्डर (वाळणं मंदावणारं द्रव्य) मिसळलेल्या थिनरचा हलका फवारा देऊन थर परत विरघळवायचा, नाहीच जमलं तर घासून काढायचा. आर्द्रता ७० टक्क्यांच्या वर असेल तर डबा उघडूच नये. म्हणजे जून ते सप्टेंबर कापडकाम बंद, लाकूडकाम आणि धातूकाम चालू. नोव्हेंबर ते फेब्रुवारी सर्वात चांगले, तेही सकाळी अकरा ते दुपारी चार. डिसेंबरच्या पहाटे शेड फार गार असते आणि दव असतं. एप्रिल-मे मध्ये हवा कोरडी असली तरी डोप पसरायच्या आत वाळतो आणि बारीक छिद्रं राहतात.

आणि नायट्रेट डोप स्फोटकासारखा पेटतो. शेडमध्ये ग्राइंडिंग, वेल्डिंग काहीही नको, फरशी ओली ठेवा, सांगाड्याला अर्थिंग द्या, डोपाने भिजलेल्या चिंध्या पाण्याच्या बादलीत.

खडकीकर
मूळ लिनन ठेवायलाच हवं असं मला वाटतं. पॉलिएस्टर लावलं की ते जुनं विमान उरत नाही. संग्रहालयांनी तरी लिननच वापरावं.

डोपवाला
संग्रहालयात उभ्या असलेल्या विमानाबाबत पूर्ण सहमत, तिथे लिननच हवं. उडणाऱ्या विमानात मात्र लिनन लवकर बदलावं लागतं, आणि दरवेळी उघडताना रिबांना थोडाफार धक्का बसतोच. एक सावधगिरी दुसऱ्या बाजूनेही लिहितो. पॉलिएस्टर खूप वर्षं टिकतं, म्हणून आतलं लाकूडही तितकीच वर्षं कोणी बघत नाही. तपासणीची झाकणं जास्त बसवा आणि दरवर्षी उघडा. मागच्या कडेची पाणी निघण्याची छिद्रं प्रत्येक कप्प्याला असतात. रंग देताना ती बुजतात, काडीने मोकळी करा. उंदीर हा दुसरा शत्रू, त्याचं मूत्र धातूची फिटिंग्ज खातं.

मुळामुठा
टायगर मॉथचे पंख मागे झुकलेले का असतात? वेगासाठी तर नक्कीच नसणार.

ओळंबा
बरोबर, वेगाशी संबंध नाही. पुढच्या कॉकपिटमधल्या माणसाला पॅराशूटसकट बाहेर पडता यावं अशी लष्कराची अट होती. वरचा मधला भाग डोक्यावर येत होता, म्हणून तो स्ट्रटसकट पुढे सरकवला. त्याने उचलीचं केंद्र पुढे गेलं, मग तोल सांभाळायला बाहेरचे पंख मागे झुकवले. एकट्याने उडवताना मागच्या कॉकपिटमध्ये बसायचं तेही तोलासाठीच.

तारांबद्दल इथेच लिहितो, कारण बायप्लेन घेतलेल्यांची सर्वात जास्त धडपड तिथे होते.

जमिनीवर पंखांचं वजन लँडिंग वायर पेलतात, हवेत पंखांची उचल फ्लाइंग वायर. जुळणीचा क्रम असा. पाणसळ लावून सांगाडा लांबीत आणि रुंदीत सपाट करा. मग फक्त वरचा मधला भाग, ओळंबा सोडून, दोन्ही बाजू मापात. हा चुकला की पुढचं सगळं चुकतं, म्हणून इथे अर्धा दिवस गेला तरी हरकत नाही. नंतर पंख चढवून लँडिंग वायरने डायहेड्रल (टोकाकडे पंख वर चढण्याचा कोन), इन्सिडन्स वायरने (पुढच्या-मागच्या स्ट्रटमधल्या तिरक्या तारांनी) स्टॅगर (वरचा पंख खालच्याच्या किती पुढे ते) आणि पंखाचा कोन, आणि सर्वात शेवटी फ्लाइंग वायर. त्या आधी ताणल्या तर बाकी मापं खोटी येतात.

वायरच्या एका टोकाला उजवे आटे, दुसऱ्याला डावे. फोर्कच्या (वायरच्या टोकाच्या दुबोटी जोडाच्या) तपासणी छिद्रातून बारीक तार घालून बघायची. आरपार गेली तर आटे पुरेसे आत नाहीत, विमान जागचं हलवायचं नाही. जोडीच्या वायर सारख्याच ताणाच्या हव्यात. वेगळ्या असल्या तर एक उड्डाणात थरथरते आणि आट्यांच्या मुळाशी थकून तुटते. जास्त ताणणं हाही बरा उपाय नाही, स्पार आतून दाबला जाऊन बाक धरतो. स्पारच्या टोकांना दोरी लावून मधला बाक बघा.

पहिल्या उड्डाणात एक पंख जड वाटला तर त्या बाजूच्या मागच्या वायरमध्ये अर्धा फेरा, मग पुन्हा उड्डाण. एकावेळी एकच बदल, आणि प्रत्येक फेरा वहीत.

वाऱ्याकडे_तोंड
एक महत्त्वाची गोष्ट राहते आहे: कॉकपिटच्या तळाखालचे आडवे टाय रॉड. खालच्या दोन्ही पंखांचा ताण सांगाड्याच्या आरपार तेच वाहून नेतात. डिसेंबर २०१३ मध्ये ऑस्ट्रेलियात क्वीन्सलंडच्या किनाऱ्यापाशी एका टायगर मॉथचा डावा पंख हवेत सुटला आणि दोघांचा जीव गेला. तपासात या रॉडच्या आट्यांमध्ये थकव्याच्या भेगा सापडल्या. बदलण्याची मुदत २,००० तास किंवा १८ वर्षं, जे आधी येईल ते.

वर्षांची मुदत जास्त महत्त्वाची, कारण छंदासाठी उडणाऱ्या विमानाचे २,००० तास भरत नाहीत आणि मालक निर्धास्त राहतो. विमान घेताना रॉड कोणी बनवला, कधी बसवला, याचा कागद मागा. कागद नसेल तर रॉड नवीन, चर्चा नाही. रॉड वरून चकाकत असला म्हणून आट्याच्या तळातली भेग दिसत नाही. या प्रकारच्या विमानांची तांत्रिक पत्रकं इंग्लंडमधली डी हॅविलंड सपोर्ट ही कंपनी काढते. तो संच पूर्ण वाचल्याशिवाय पाना हातात घेऊ नये.

जिप्सी_मेजर
इंजिनाबद्दल.

इंजिन उलटं, म्हणजे सिलिंडर खाली. काही दिवस उभं राहिलं की तेल दट्ट्यांवरून खाली झिरपतं. तसंच सुरू केलं तर द्रव दाबला जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. म्हणून आधी स्विच बंद, चाकांना पाचर, शेपटी बांधलेली, आणि प्रोपेलर हाताने सावकाश फिरवायचा. चार दाब सारखे लागले पाहिजेत. मध्येच अडला तर जोर लावू नका आणि उलटाही फिरवू नका. उलटा फिरवला तर तेल इनटेकमध्ये जाऊन बसतं आणि नंतर परत येतं. खालचा प्लग काढा, तेल गळू द्या. स्टिअरमन या अमेरिकन ट्रेनर बायप्लेनच्या गोल इंजिनात खालच्या सिलिंडरांना हेच लागू.

सुरू करताना: पेट्रोलची तोटी उघडी, कार्ब्युरेटर ओथंबेपर्यंत भरायचा, स्विच बंद ठेवून प्रोपेलरचं पातं चारदा ओढून घ्यायचं, थ्रॉटल किंचित उघडा. मग स्विच. टायगर मॉथचे मॅग्नेटोचे, म्हणजे ठिणगीचे, स्विच कॉकपिटच्या बाहेर असतात, म्हणजे प्रोपेलर फिरवणाऱ्याला ते स्वतःच्या डोळ्यांनी दिसतात. समोर उभं राहिलं की उजव्या हाताकडचं पातं खाली येतं. बोटं पात्यामागे गुंडाळायची नाहीत, पायाखाली ओलं गवत किंवा सैल मुरूम नको, आणि ओढताना शरीर मागे जाईल असाच पवित्रा. कॉकपिटमध्ये जाणकार माणूस नसेल तर इंजिन सुरू करायचं नाही.

तेल तासाला अर्धा ते एक लिटर जातं, ते नेहमीचंच. अचानक वाढलं किंवा एकदम थांबलं तर शोध घ्या.

लाकडी प्रोपेलरचे बोल्ट हा पुण्यातला खास विषय. पावसाळ्यात लाकूड फुगतं, मार्चपर्यंत आकसतं, आणि बोल्ट ढिले पडतात. ढिला हब पाठीमागून लाकूड जाळतो, काळपट डाग दिसतो. पावसाळा संपल्यावर एकदा आणि उन्हाळ्याच्या तोंडावर एकदा टॉर्क रेंचने तपासायचेच.

पेट्रोल १०० एलएल, म्हणजे पिस्टन इंजिनाच्या विमानांचं शिसं असलेलं पेट्रोल. इंडियन ऑइल २०२२ पासून ते वडोदऱ्याजवळच्या गुजरात रिफायनरीत बनवते, त्याआधी आयातच होतं. या जुन्या इंजिनांना त्यातलं शिसं जास्त होतं, प्लगवर खडे जमतात. प्लग नेहमीपेक्षा लवकर काढून साफ करा.

वाऱ्याकडे_तोंड
पुण्यात उडवण्याचा हिशोब मांडतो. लोहगावची उंची ५९२ मीटर, म्हणजे १,९४२ फूट. हवेचा दाब सरासरी धरला, तर मे महिन्यात ३८ अंशाला विमानाला ती उंची सुमारे ५,१०० फूट वाटते, कारण गरम हवा तितकी विरळ असते. १३० चं इंजिन तिथे जेमतेम ११० अश्वशक्ती देतं. प्रत्यक्षात त्याहून कमी, कारण ठरावीक पिचचा (पात्यांचा कोन न बदलणारा) प्रोपेलर धावेच्या सुरुवातीला पूर्ण फेऱ्यांवर जातच नाही. मीटरवर तोच वेग दिसत असताना जमिनीवरचा वेग ८ टक्के जास्त असतो, म्हणजे नुसत्या तेवढ्यानेच धाव १७ टक्के वाढते. त्याच दिवशी पहाटे २२ अंशाला हाच आकडा ३,२०० फूट. उन्हाळ्यात ही विमानं सकाळी नऊच्या आत उडवून आत घ्यावीत.

पेट्रोल टाकीत ८६ लिटर, खप तासाला ३० च्या आसपास. राखीव सोडून दोन तास धरा. पुणे ते बारामती सरळ रेषेत सुमारे ८० किलोमीटर. वारा नसेल तर ३७ मिनिटं, समोरून ३० किलोमीटरचा वारा असेल तर जवळजवळ ५०.

जिप्सीचा प्रोपेलर स्टिअरमनच्या उलट फिरतो. टायगर मॉथ उड्डाणात उजवीकडे ओढतं, डावा पाय लागतो. स्टिअरमनवरून आलेल्याने हे पायाला आधी शिकवावं. ब्रेक नसलेलं, स्किडवालं विमान गवतावरच नीट वागतं. डांबरावर स्किडची पट्टी झिजते आणि वळवायला काही उरत नाही. म्हणून नागरी मालकांनी पुढे ब्रेक आणि मागचं चाक बसवून घेतलं. मूळपणाच्या नावाखाली त्यांना नावं ठेवू नयेत.

खडकीकर
स्टिअरमनचं नाव निघालंच आहे तर तिकडच्या दुसऱ्या आयुष्याबद्दल थोडं. अमेरिकेत युद्धानंतर हजारो स्टिअरमन विकली गेली आणि पुढची कॉकपिट काढून तिथे पिकांवर टाकायच्या पावडरीचं हॉपर, म्हणजे टाकी, बसलं. मूळ २२० अश्वशक्तीचं इंजिन भरलेल्या हॉपरला पुरेना, म्हणून ४५० चं प्रॅट अँड व्हिटनी वास्प ज्युनियर चढवलं. हवाई कसरतींत दिसणारी बरीच ताकदवान स्टिअरमन याच वाटेने आलेली.

न्यूझीलंडमध्ये १९४९ पासून टायगर मॉथने डोंगरउतारावर सुपरफॉस्फेट खत टाकलं. कमाल वजनातून रिकामं वजन, वैमानिक, तेल आणि तासाभराचं पेट्रोल वजा केलं तर जेमतेम दोनशे किलो उरतात, म्हणून दिवसभरात असंख्य चढ-उतार. सुपरफॉस्फेट ओल धरतं आणि स्टील खातं. फवारणी केलेलं विमान घेत असाल तर मागच्या खालच्या नळ्या आतून गंजलेल्या असू शकतात. टोकदार पंचने ठोकून बघा, अल्ट्रासॉनिकने जाडी मोजा. नळी बदलून झाल्यावर आत गरम जवसाचं तेल फिरवून निथळू द्यायचं आणि छिद्र बंद करायचं, ही जुनी पद्धत आजही चांगली.

मुळामुठा
दिल्लीजवळच्या हिंडन तळावर वायुसेनेचं टायगर मॉथ उडतं ना? ते कुठे दुरुस्त झालं?

वाऱ्याकडे_तोंड
काम इंग्लंडमध्ये झालं, आणि २०१२ च्या वायुसेना दिनी ते हिंडनला उडालं. प्रत्यक्ष विमान नको, फक्त समजून घ्यायचं असेल तर चौथ्या भागाचं मॉडेल करा, पंखविस्तार सव्वादोन मीटर होतो. वायर शोभेच्या लावू नका, खऱ्याच ताणाच्या लावा. ओळंबा यांनी वर दिलेला जुळणीचा क्रम त्यावर जसाच्या तसा शिकता येतो.

सागवानी
पंख उतरवून हलवायचे किंवा ठेवायचे असतील तर: पुढची कड खाली, जाड गादीवर, रिबांच्या रेषेत आधार. आडवे एकावर एक रचू नका. टेम्पोत नेताना दोन आधार स्पारच्या फिटिंगपाशी, कापडावर दोरी ओढायची नाही. पावसाळ्याआधी तपासणीची झाकणं काढून जाळी लावा, म्हणजे हवा खेळते आणि उंदीर शिरत नाही. प्लॅस्टिकच्या कागदात गुंडाळू नका, आत घाम सुटतो. ओलाव्याची नोंद दर महिन्याला, प्रत्येक पंखावर ठरलेल्या त्याच चार जागी.